गुगलला दारात अडवायचं की यादीतून नाव काढायचं?

हिंदमाता मार्केटमधल्या एखाद्या घाऊक साड्यांच्या दुकानाची वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला एक भाव, ओळखीच्या व्यापाऱ्यांना दुसरा. व्यापाऱ्यांच्या दरपत्रकाचं पान वेबसाइटवर आहे, पण ते गुगलवर कुणाला सापडू नये अशी मालकाची इच्छा. वेबसाइट सांभाळणारा मुलगा सांगतो, ‘शेठ, रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये टाकलंय, काळजी नको.’ काही दिवसांनी दुकानाचं नाव शोधलं, तर दरपत्रकाच्या पानाचा पत्ता गुगलवर हजर! खाली वर्णन नाही, फक्त या पानाची माहिती उपलब्ध नाही अशा अर्थाची एक ओळ. मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याने नोइंडेक्सचं, म्हणजे गुगलच्या यादीतून पान वगळण्याचं, काम रोबोट्स फाइलला सांगितलं होतं.

गुगलचं काम टप्प्याटप्प्याने चालतं. आधी गुगलबॉट, म्हणजे वेबवरची पानं आपोआप वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम, पान उघडून वाचतो, ते क्रॉलिंग. मग त्या पानाची नोंद गुगलच्या साठ्यात होते, ते इंडेक्सिंग. शोधणाऱ्याला जे दिसतं ते या साठ्यातून. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही वेबसाइटच्या मुळाशी ठेवलेली साधी मजकुराची फाइल. कुठले पत्ते उघडायचे नाहीत हे ती बॉटला सांगते, म्हणजे तिचा संबंध फक्त क्रॉलिंगशी. नोइंडेक्स हा पानाच्या कोडमधल्या हेड भागात लिहिलेला मेटा टॅग, म्हणजे वाचकाला न दिसणारी, बॉटसाठीची सूचना. त्याचं म्हणणं, ‘वाच खुशाल, पण साठ्यात ठेवू नकोस.’

आता गोम अशी, की पान न वाचताही गुगल त्याच्या पत्त्याची नोंद करू शकतं. एखाद्या व्यापारी डिरेक्टरीने तुमच्या दरपत्रकाची लिंक दिली आणि लिंकवर ‘घाऊक साडी दर’ असं लिहिलं, तर पत्ता आणि ते तीन शब्द एवढ्यावर गुगलचं काम भागतं. सोसायटीच्या वॉचमनने पाहुण्याला गेटवर अडवलं तरी खालच्या पाटीवरचं तुमचं नाव पुसलं जात नाही, तसंच हे.

याहून मोठा घोटाळा दोन्ही एकदम लावल्यावर होतो. ‘डबल सेफ्टी’ म्हणून लोक रोबोट्स फाइलमध्ये डिसअलाऊची, म्हणजे ‘हा पत्ता उघडू नकोस’ असं सांगणारी, ओळ घालतात आणि पानावर नोइंडेक्सही टाकतात. नोइंडेक्स पानाच्या आत आहे. डिसअलाऊमुळे गुगलबॉट पान उघडतच नाही, मग आतली सूचना वाचणार कोण? दोन कुलपं लावली आणि दार उघडं राहिलं. सर्च कन्सोल या वेबसाइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात अशा पानांसाठी वेगळा शेरा येतो: ‘इंडेक्स्ड, दो ब्लॉक्ड बाय रोबोट्स डॉट टीएक्सटी’, म्हणजे अडवलेलं असूनही साठ्यात नोंदलेलं. हा शेरा दिसला की बहुतेक जण रोबोट्स फाइल आणखी कडक करतात. खरं तर तिथली ओळ काढायला हवी.

हा गोंधळ एकट्या डेव्हलपरांनी घातलेला नाही. वेबसाइट बनवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ या पानावर सर्च इंजिनांना दूर ठेवणारा एक चौकोन असतो. पूर्वी त्यावर टिक केली की वर्डप्रेस दोन्ही गोष्टी एकदम करायचं, सगळ्या साइटला डिसअलाऊ आणि वर नोइंडेक्स. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून फक्त नोइंडेक्स उरलं. काहींनी रोबोट्स फाइलच्या आतच नोइंडेक्सची ओळ लिहिण्याची शक्कल काढली होती. गुगलने तिला अधिकृत नियम कधीच मानलं नव्हतं, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ती पाळणंही बंद केलं. जुन्या लेखांत हा सल्ला अजून सापडतो. पाळू नका.

रोबोट्स फाइलचा जन्मच वेगळ्या कारणासाठी झाला. १९९४ मध्ये मार्टाइन कॉस्टर यांनी ही पद्धत सुचवली तेव्हा काळजी होती ती बॉटच्या गर्दीखाली सर्व्हर दमून जाण्याची. पाळली तर सोय, असा सामंजस्याचा मामला तो. अधिकृत इंटरनेट मानक म्हणून आरएफसी ९३०९ प्रसिद्ध व्हायला २०२२ उजाडलं आणि त्यातही स्पष्ट आहे, की ही फाइल म्हणजे सुरक्षाव्यवस्था नव्हे. उलट ती उघडी असते, ब्राउझरमध्ये कुणीही वाचू शकतं. ‘व्यापारी-दर-गुप्त’ असा फोल्डर तिथे डिसअलाऊ केलात, तर शेजारच्या गाळ्यातल्या स्पर्धकाला तुम्ही बसल्या जागी पत्ताच देऊन ठेवलात.

तिच्या बारकाव्यांत मालकांचं नुकसान होतं ते बहुधा अक्षरांमुळे. नियम पत्त्याच्या सुरुवातीपासून जुळवला जातो. शेवटी तिरकी रेघ न देता ‘/साडी’ एवढंच अडवलंत तर ‘/साडी-सेल’ही अडतं, आणि दिवाळीच्या तोंडावर सेलचं पान गुगलवर धड का दिसत नाही म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात. इंग्रजी पत्त्यांत लहान आणि मोठी लिपी वेगळी धरली जाते. मराठी पत्ते असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे मराठी अक्षरंही नीट साठवणाऱ्या पद्धतीत, जतन करा. प्रत्येक सबडोमेनला, म्हणजे मुख्य पत्त्याच्या आधी वेगळं नाव जोडून केलेल्या उपसाइटला, स्वतःची फाइल लागते. आणि बदल केला की लगेच परिणाम दिसेल ही अपेक्षा नको, कारण गुगल ही फाइल साधारण २४ तासांपर्यंत आपल्याकडे साठवून वापरतं.

नोइंडेक्सची अडचण एकच, पण आपल्याकडे ती नेहमी येते. दरपत्रक वेबपान नसतं, पीडीएफ असतं. पीडीएफला मेटा टॅग कुठे लावणार? तिथे सर्व्हरने फाइल पाठवताना एक्स-रोबोट्स-टॅग नावाच्या हेडरमधून, म्हणजे फाइलसोबत जाणाऱ्या माहितीतून, नोइंडेक्स सांगावं लागतं. होस्टिंगवाल्याला याच नावाने विचारा, म्हणजे ‘हो, करून देतो’ असं मोघम उत्तर मिळणार नाही.

मग कुठे काय? धन्यवादाचं पान, जुन्या ऑफरचं पान, नव्या साइटची चाचणीप्रत असं जे लोकांना शोधात दिसू नये, त्याला नोइंडेक्स. रंग, कापड, किंमत, काठ अशा फिल्टरच्या जोडण्यांतून लाखो पत्ते तयार होत असतील, तर रोबोट्स फाइल. पण इथे माझं मत थोडं कडक आहे. क्रॉल बजेटची, म्हणजे गुगल एका साइटची किती पानं वाचेल या मर्यादेची, भीती घालून त्यासाठी पैसे घेणारे पुष्कळ भेटतात. गुगलचं स्वतःचं मार्गदर्शन सांगतं, की ही काळजी साधारण १० लाखांहून जास्त पानांच्या किंवा रोज बदलणाऱ्या १० हजारांहून जास्त पानांच्या साइट्सनी करावी. गिरगावातल्या फराळवाल्याच्या साठ पानांच्या साइटला क्रॉल बजेट विकणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. एकच साडी दोन पत्त्यांवर दिसते, हा प्रश्न या दोन्हींचा नाही, तो मूळ पत्ता कोणता हे गुगलला सांगणाऱ्या कॅनॉनिकल टॅगचा.

एआय कंपन्यांना तुमचा मजकूर मॉडेल शिकवायला वापरू द्यायचा नसेल, तर मात्र रोबोट्स फाइल उपयोगी पडते. ओपनएआयचा जीपीटीबॉट आणि गुगलचं गुगल-एक्स्टेंडेड ही दोन्ही नावं तिथे अडवता येतात. गुगल-एक्स्टेंडेड अडवल्याने गुगल सर्चमधल्या तुमच्या जागेवर परिणाम होत नाही.

दरपत्रक आधीच गुगलवर गेलं असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी डिसअलाऊची ओळ काढा. मग पानावर नोइंडेक्स लावा. सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत गुगलला ते पान उघडता येतंय आणि नोइंडेक्स दिसतोय, एवढी खात्री करा आणि गुगलबॉट पुन्हा येऊन जाईपर्यंत थांबा. घाई असेल तर सर्च कन्सोलच्याच रिमूव्हल्स टूलमधून पत्ता लपवता येतो, पण साधारण सहा महिन्यांपुरताच, तोवर नोइंडेक्स लागलेलं असायला हवं. आणि ते दर खरोखरच कुणाच्या हाती पडू नयेत असं असेल, तर पानाला पासवर्ड लावा आणि तो फक्त ओळखीच्या व्यापाऱ्यांना द्या.