अमेरिकेला माल पाठवताना: सक्तीच्या मजुरीवरील आयातबंदी आणि तुमची फाईल

‘आमच्या कारखान्यात कुणावर जबरदस्ती नाही, मग हा कायदा आम्हाला कशाला?’ असे गोव्यातल्या वेर्णा, कुंकळ्ळी औद्योगिक वसाहतींतले निर्यातदार सर्रास विचारतात. पण तपासणी तुमच्या गेटपाशी थांबत नाही, कच्च्या मालापर्यंत मागे जाते.

अमेरिकेत १९३० च्या टॅरिफ ॲक्टच्या कलम ३०७ नुसार सक्तीच्या मजुरीने, अगदी अंशतःही, बनलेल्या मालाला बंदी आहे. शिवाय जून २०२२ पासून उइगूर सक्तीची मजुरी प्रतिबंधक कायदा लागू झाला. चीनमधल्या उइगूरांच्या शिनजियांग प्रांतातला कच्चा माल लागला असेल तर तो सक्तीच्या मजुरीचाच असे धरून चालतात; तसे नाही हे आयातदाराने सिद्ध करायचे. थोडासाच वापरला म्हणून सूट नाही. २०२४ मध्ये ॲल्युमिनियम, पीव्हीसी (एक प्लास्टिक) आणि सीफूडवर खास नजर ठेवायचे ठरले.

औषध कंपन्यांनी हे नीट वाचावे. ब्लिस्टर पॅकची (गोळ्यांच्या पट्टीची) फिल्म बहुधा पीव्हीसीची, मागची फॉइल ॲल्युमिनियमची. फिल्म गुजरातेत बनली तरी रेझिन (प्लास्टिकचा कच्चा माल) कुठले, हे विचारले जाणारच.

फाईल बांधताना एक निर्यात बॅच घ्या आणि उलटे जा: पॅकिंग रेकॉर्डवरून फिल्मचा लॉट नंबर, त्यावरून पुरवठादाराचे उत्पादन रेकॉर्ड, मग रेझिनचा लॉट, बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद), मूळ कारखान्याचे नाव-पत्ता. प्रत्येक टप्प्याला पीओ (खरेदी ऑर्डर), इन्व्हॉइस, वाहतुकीचा कागद आणि बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा. चिनी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा.

गाडी अडते ती वजनात. खरेदी दहा टन रेझिनची आणि फिल्म चौदा टन, तर वरचे चार टन आले कुठून? ॲडिटिव्हजनी एवढा फरक भरून निघत नाही. ट्रेडरकडचा माल ही दुसरी डोकेदुखी: तो दोन-तीन लॉट एकत्र करतो आणि साखळी तिथेच तुटते. लेटरहेडवरच्या हमीपत्राने एकट्याने काही सिद्ध होत नाही.

माल अडकला की नोटीस खरेदीदाराला जाते, कागद मात्र तुमच्याकडे. मुदत साधारण ३० दिवसांची. तेवढ्यात ट्रेडर फोनही उचलत नाही. फाईल कंटेनर निघण्याआधीच तयार हवी.

मासळी आणि काजूवाल्यांनी आधी घरात बघावे. परराज्यातल्या कामगारांची आधार कार्डे ऑफिसच्या कपाटात ठेवणे, उचल फिटेपर्यंत सोडून जाऊ न देणे, ही दोन्ही आयएलओने (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने) दिलेल्या सक्तीच्या मजुरीच्या ११ लक्षणांत मोडतात. ‘सांभाळायला ठेवली’ हे कुणी ऐकून घेत नाही. पगार मुकादमाच्या हाती न देता थेट खात्यात जमा करा, उचलीची नोंद कामगाराच्या सहीने ठेवा.

युरोपीय संघाची बंदी १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. तिथे दोष सिद्ध करायचा तो सरकारी यंत्रणेने, पण मागितले जातील ते हेच कागद.