घरी बनवलेला हायड्रोजन, आणि त्याच नळीतून आलेला ऑक्सिजन

पाण्यावर चालणाऱ्या शेगडीचे व्हिडिओ परत फिरायला लागलेत. प्लास्टिकची बरणी, स्टीलच्या पट्ट्या, बारा व्होल्टची बॅटरी, पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा, विजेने पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात, वरच्या नळीतून गॅस येतो आणि भाऊ लायटर लावून दाखवतो. खाली कोणीतरी विचारतंच, घरात एलपीजीचा अख्खा सिलिंडर असतो त्याला आपण घाबरत नाही, मग ह्या एवढ्याशा गॅसला काय घाबरायचं? प्रश्न चांगलाय खरं तर, कारण "हायड्रोजन ज्वलनशील असतो" हे त्याचं उत्तरच नाहीये, ज्वलनशील तर एलपीजी पण असतो.

सिलिंडरच्या आत ऑक्सिजन नसतो. त्यामुळे शेगडीची ज्योत नळीतून मागे जाऊन सिलिंडरच्या आत जळूच शकत नाही, तिला हवा लागते आणि ती बर्नरपाशीच मिळते. बरणीतून मात्र दोन्ही गॅस एकाच नळीत येतात, दोन भाग हायड्रोजन एक भाग ऑक्सिजन, म्हणजे पूर्ण जळायला जे प्रमाण लागतं नेमकं तेच! शाळेत हा प्रयोग करताना दोन इलेक्ट्रोडवर दोन वेगळ्या परीक्षानळ्या उलट्या धरायचो, ते नुसतं आकारमान मोजायला नव्हतं.

आता माझा आवडता भाग. हे मिश्रण खोलीच्या तापमानाला कितीही दिवस गप्प बसू शकतं. पण ठिणगीने एखादा सुटा हायड्रोजन अणू तयार झाला की तो ऑक्सिजनच्या रेणूला फोडतो, त्यातून एक ओएच (एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन अणूची जोडी) आणि एक सुटा ऑक्सिजन अणू निघतो, हा ऑक्सिजन हायड्रोजनच्या रेणूवर जातो आणि आणखी एक ओएच व एक हायड्रोजन अणू देतो, मग दोन्ही ओएच एकेक हायड्रोजन रेणू गाठून पाणी बनवतात आणि जाताना एकेक हायड्रोजन अणू सोडतात. हिशोब करा, एक अणू गेला आणि तीन आले. तिनाचे नऊ, नवाचे सत्तावीस, 20 फेऱ्यांत 348 कोटी. ह्याला शाखायुक्त साखळी अभिक्रिया म्हणतात आणि अशा अभिक्रियांवरच्या कामासाठी सेम्योनोव आणि हिन्शेलवुड यांना 1956 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत पुढे आहे. साधारण 500 अंशाला तापवलेल्या भांड्यात दाब अगदी कमी असेल तर स्फोट होत नाही, सुटे अणू भिंतीला आपटून संपतात. दाब वाढवला की स्फोट. अजून वाढवला तर परत शांत! कारण आता हायड्रोजन अणू आणि ऑक्सिजन भेटताना तिसरा रेणू मध्ये कडमडतो, जास्तीची ऊर्जा घेऊन जातो, आणि एचओ२ नावाचा आळशी तुकडा उरतो जो साखळी पुढे नेत नाही. आणखी दाब वाढवला की पुन्हा स्फोट, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड येतं, ते सोडून देऊ, नाहीतर लेख तिथेच संपेल.

तर मुद्दा, ठिणगी किती लागते? हवेतल्या हायड्रोजनला सुमारे 0.02 मिलीज्यूल, शुद्ध ऑक्सिजनमध्ये त्याहून कितीतरी कमी. नायलॉनचा शर्ट काढताना हाताला जो चटका जाणवतो तो मिलीज्यूलच्या घरातला असतो, म्हणजे न जाणवणारी ठिणगी पण पुरते. एलपीजी हवेत साधारण 2 ते 10 टक्के असेल तरच पेटतो, हायड्रोजन 4 ते 75 टक्के, आणि ऑक्सिजनमध्ये 94 पर्यंत. नळीत जाळी बसवून ज्योत अडवू म्हणाल तर हायड्रोजनची ज्योत हवेत सुद्धा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीतून निसटते, ऑक्सिजनबरोबर त्याहून बारीक फटीतून. गॅसचा वेग कमी झाला, समजा बॅटरी काढली, की ज्योत नळीतून मागे बरणीत. बंद बरणीत दाब नऊ-दहा पट होतो आणि ज्वलनाचं डिटोनेशन झालं, म्हणजे ज्योत आवाजापेक्षा वेगाने धडकेची लाट होऊन पळायला लागली, तर लाट सेकंदाला 2800 मीटरच्या आसपास पळते, वर बरणीतला कॉस्टिक डोळ्यात उडतो तो वेगळाच.

कॉस्टिक नको म्हणून काही जण मीठ टाकतात, मग क्लोरीन येतो. स्टीलच्या पट्ट्यांमधून क्रोमियम सुटतं, त्याचं हेक्साव्हॅलंट रूप कॅन्सरकारक आहे, ते पाणी मोरीत ओततात.

कोविडच्या वेळी घरीच ऑक्सिजन बनवू अशी पण टूम होती. मिनिटाला 5 लिटर ऑक्सिजन हवा असेल तर एका सेलमधून, म्हणजे पट्ट्यांच्या एका जोडीतून, साधारण 1400 अँपियर करंट लागेल, आणि बाजूला 10 लिटर हायड्रोजन निघेल तो कुठे सोडणार? दवाखान्यातला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजावर अडवतो, पाणी फोडत नाही.

आणि पाण्यावर गाडी चालवणारे बाबा! अमेरिकेतल्या स्टॅनली मायरला ओहायोच्या कोर्टाने 1996 साली उघड फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले, तरी "तेल कंपन्यांनी दाबलं" हे फॉरवर्ड मरत नाही. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन, त्याला फोडायला लागते तेवढी ऊर्जा जाळून कधीच पूर्ण परत मिळत नाही.

बरं, बरणी नसली तरी इन्व्हर्टर असतोच. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत पाणी टाकावं लागतं ते ह्याचसाठी, चार्जिंगच्या शेवटी-शेवटी ती पाणी फोडते आणि दोन्ही गॅस एकत्रच सोडते. म्हणून ती बंद कपाटात ठेवू नका, चार्जिंग चालू असताना टर्मिनलच्या वायरी ओढू नका, आणि लाईट गेल्यावर झाकण उघडून पाण्याची पातळी बघायची असेल तर मोबाईलचा टॉर्च वापरा, काडी नको.