गोम आणि पैसा: पाय मोजू नका, पाय कुठून फुटतात ते पाहा

पावसाळ्याचे पहिले दोन आठवडे सरले की ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक छायाचित्र हमखास येते. न्हाणीघराच्या लादीवर, मोरीच्या जाळीपासून हातभर अंतरावर, काहीतरी लांबट, तांबूस आणि पुष्कळ पायांचे पडलेले असते. खाली प्रश्न असतो, ‘ही गोम आहे का?’ आणि पाच मिनिटांच्या आत त्यावर उकळते पाणी, मीठ, फिनेल आणि चप्पल अशी चार उत्तरे आलेली असतात. दोन पावसाळे ही छायाचित्रे जरा निरखून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की, त्यांतील बहुतेक प्राणी गोम नव्हतेच. ते पैसे, म्हणजे वाणी, होते. उलट, ज्या एकदोन वेळा खरोखरच घोण, म्हणजे मोठी गोम, निघाली होती, त्या वेळी मात्र ‘काही करत नाही, झाडूने लोटून द्या’ असा सल्ला देणारा कोणीतरी निघालाच. निरुपद्रवी जीवाला मारायचे आणि विषारी जीवाजवळ अनवाणी जायचे, असा हा उलटा व्यवहार केवळ ओळख पटत नसल्यामुळे होतो.

आधी नावांविषयी. गोम हे नाव सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील मोठ्या, जाड प्रकाराला कोकणात घोण म्हणतात. दुसऱ्या प्राण्याला कोणी पैसा म्हणतो, कोणी वाणी. हात लागताच तो नाण्यासारखे गोल वेटोळे करून पडतो, तेव्हा पैसा हे नाव त्याला शोभते खरे. पाठ्यपुस्तकांत मात्र गोम म्हणजे शतपाद आणि पैसा म्हणजे सहस्रपाद, आणि माझ्या मते गोंधळाचे मूळ या दोन भारदस्त शब्दांतच आहे. ते वाचून मनुष्य पाय मोजायला निघतो, आणि पायांची संख्या ही दोघांची सर्वांत निरुपयोगी ओळख आहे. पूर्ण वाढलेल्या गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात. त्यामुळे बरोबर पन्नास जोड्या, म्हणजे शंभर पाय, कोणत्याही गोमेला असू शकत नाहीत. आपल्याकडच्या घोणीला बहुधा २१ जोड्या, म्हणजे ४२ पाय असतात. भिंतीवरून कोळ्यासारखी सरसर पळणारी, लांब पायांची जी गोम असते तिला १५ जोड्या, तर मातीत राहणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक गोमेला त्याहून कितीतरी जास्त. सहस्रपादाचे नाव तर २०२१ पर्यंत निव्वळ अतिशयोक्तीच होती. त्या वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीखाली ६० मीटर खोलीवर सापडलेल्या एका जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि तिच्या एका मादीला १,३०६ पाय निघाले. ठाण्याच्या न्हाणीघरात येणाऱ्या पैशाची मजल शे-दोनशेच्या आसपासच असते.

मग पाहायचे काय? पाय किती यापेक्षा ते शरीराला कुठून जोडलेले आहेत हे पाहावे. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असते आणि ते पाय दोन्ही कडांतून बाहेर, वल्ह्यांसारखे पसरलेले असतात. वरून पाहिले तरी प्रत्येक पाय वेगळा दिसतो. पैशाच्या बहुतेक खंडांना दोन-दोन जोड्या असतात, परंतु ते आखूड पाय पोटाखाली दडलेले असल्यामुळे वरून पाहणाऱ्याला एक गुळगुळीत, वळ्यावळ्यांची नळी तेवढी दिसते आणि तिच्या कडेने एक बारीक लाट सरकत असल्याचा भास होतो. गोम चपटी असते, आणि म्हणूनच ती दाराखालच्या फटीतून, लादीच्या सांध्यातून किंवा चपलेच्या पट्ट्याखालून सहज आत शिरते. पैसा पेन्सिलीसारखा गोल असतो. गोमेच्या मिशा लांब आणि सतत हलत्या, तर पैशाच्या आखूड आणि वाकलेल्या.

एवढ्यानेही खात्री पटली नाही, तर झाडूच्या काडीने हलकेच स्पर्श करावा, बोटाने कदापि नाही. पैसा जागीच वेटोळे करतो. गोम नागमोडी धावत सुटते, आणि ती ज्या वेगाने कपाटाखाली नाहीशी होते तो वेग एकदा पाहिलेला मनुष्य पुन्हा या दोघांत गल्लत करत नाही. अपवाद एकच सांगून ठेवायला हवा. पैशांच्या काही जातींच्या पाठीला दोन्ही बाजूंनी सपाट पंख फुटल्यासारखे असतात. त्या चपट्या दिसतात, पाय बाजूला असल्याचा आभास होतो आणि जाणकारही क्षणभर फसतात. अशा वेळी चाल पाहावी, कारण संथपणा त्यांना लपवता येत नाही.

गोमेला पकडताना लोक आणखी एका ठिकाणी फसतात. तिच्या पायांची शेवटची जोडी लांब, जाड आणि मागे वळलेली असते, त्यामुळे तोंड कोणते आणि शेपूट कोणते हे पटकन कळत नाही. ‘नांगी मागे आहे’ असे समजून चिमट्याने पुढचा भाग धरणाऱ्याचा हात नेमका विषाजवळ जातो. विंचवाचे विष शेपटाच्या टोकाला असते, गोमेचे मात्र डोक्याखाली. तिथे पायांची पहिली जोडी रूपांतरित होऊन दोन अणकुचीदार विषारी नख्या तयार झालेल्या असतात. शास्त्राच्या काटेकोर भाषेत गोम चावत नाही, ती या नख्या रुतवते. पण आपण ‘गोम चावली’ असेच म्हणतो आणि तसे म्हणायला हरकत नाही. बाकीच्या पायांतून विष सोडले जाते, ती अंगावरून नुसती चालत गेली तरी प्रत्येक पायागणिक विष भिनते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. पायांच्या टोकांनी बारीक ओरखडे उठू शकतात, इतकेच.

दोघांच्या शस्त्रांतील फरक त्यांच्या आहारातून आलेला आहे. गोम शिकारी आहे. झुरळे, कोळी, किड्यांच्या अळ्या आणि मोठी घोण असेल तर पालीचे पिल्लूसुद्धा ती पकडते, आणि धडपडणारे भक्ष्य क्षणात निश्चल करण्यासाठी तिला विष लागते. पैसा कुजलेला पाला, ओले लाकूड आणि शेवाळ खातो. त्याला कोणाला मारायचे नसते, फक्त स्वतः खाल्ले जायचे नसते. म्हणून त्याच्याकडे विषारी नख्या नाहीत, शरीराच्या बाजूंना असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरणारा एक दाहक द्रव आहे. आपल्या बागांमध्ये पावसाळ्यात जो विटकरी रंगाचा, बोटाएवढा पैसा ढिगाने दिसतो, त्याच्या द्रवात बेन्झोक्विनोन जातीची रसायने असतात. वर सांगितलेल्या चपट्या पाठीच्या जातींपैकी काही तर अत्यल्प प्रमाणात हायड्रोजन सायनाइडही सोडतात. (दक्षिण अमेरिकेतील काही माकडे डास दूर ठेवण्यासाठी पैसे अंगाला चोळतात. ठाण्यातील डास कितीही त्रासदायक असले, तरी हा उपाय माकडांपुरताच ठेवलेला बरा.)

खरी गोम इथेच आहे, आणि हा शब्द मी दुसऱ्या अर्थाने वापरतो आहे: या दोन प्राण्यांपासून होणारी इजा मुळातच वेगळ्या जातीची असते, आणि एकीचा उपचार दुसरीला लागू पडत नाही.

घोण चावली तर ती चावल्याचे कोणाला सांगावे लागत नाही. तत्क्षणी आग झाल्यासारखी तीव्र कळ येते, दोन बारीक छिद्रे दिसतात, आजूबाजूचा भाग लाल होऊन सुजतो, कधी काखेत किंवा जांघेत गाठ येते. वेदना काही तासांपासून एकदोन दिवसांपर्यंत राहू शकते. निरोगी प्रौढाच्या जिवाला यातून धोका अत्यंत क्वचितच संभवतो. मात्र लहान मुले, वृद्ध, हृदयविकाराचे रुग्ण आणि ज्यांना पूर्वी दंशाची तीव्र ॲलर्जी झाली आहे अशा व्यक्ती यांच्या बाबतीत थांबून पाहणे योग्य नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज चढण्यापूर्वी काढून ठेवावेत, जखम साबणाने धुवावी आणि हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस-तीस मिनिटे बुडवून ठेवावा. पाण्याची उष्णता न चावलेल्या हाताने आधी तपासावी, कारण वेदनेने बधिर झालेली त्वचा भाजली तरी कळत नाही. गरम पाणी नको वाटल्यास फडक्यात गुंडाळलेला बर्फही चालतो. तैवानमधील डॉक्टरांनी २००९ साली गरम पाणी, बर्फ आणि वेदनाशामक इंजेक्शन यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा तिन्हींनी वेदना उतरल्याचे त्यांना आढळले होते. धनुर्वाताच्या लसीची मुदत उलटून गेली असेल तर ती घ्यावी. चिरा देणे, रक्त ओढणे, आवळून दोरी बांधणे, चुना थापणे यांतले काहीही करू नये. श्वास लागणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येणे यांपैकी काही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे. गोमेच्या विषावर आपल्याकडे प्रतिविष नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात आणि ते पुरेसे ठरतात.

पैसा चावतच नाही. ‘पैसा चावला’ म्हणून दाखवायला आणलेली जखम म्हणजे बहुधा तो बुटात, पायजम्यात किंवा अंथरुणात चिरडला गेल्याचा परिणाम असतो. त्वचेवर आधी पिवळसर, मग तपकिरी आणि पुढे काळपट जांभळा डाग उमटतो, थोडी आग होते, क्वचित फोड येतो. लहान मुलाच्या पायाच्या बोटांवर असा डाग दिसला, की मुका मार बसला किंवा रक्तपुरवठाच थांबला असे वाटून घरातील माणसांची गाळण उडते, आणि पैशाची आठवण कोणालाच होत नाही. इथे शेक द्यायचा नसतो. लागलेला द्रव लवकरात लवकर भरपूर पाण्याने आणि साबणाने धुऊन काढायचा असतो. डाग काही आठवडे, कधी महिनेही राहतो, आणि तो घासून काढण्याच्या प्रयत्नात त्वचाच सोलली जाते. खरा धोका डोळ्याला आहे. पैशाला हाताळलेले बोट मुलाने डोळ्यात घातले तर डोळा वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा. त्यामुळेच पैसा दिसताच चपलेने चिरडणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. जिवंत, वेटोळे केलेला पैसा केरसुणीने सुपलीत घेतला तर तो कोणाचे काही बिघडवत नाही. चिरडलेला मात्र लादीवर डाग आणि खोलीत उग्र वास मागे ठेवतो.

इथे एका तिसऱ्या प्राण्याचा उल्लेख टाळता येत नाही. रात्री झोपेत काहीतरी चावले, दोन छिद्रे दिसली आणि प्राणी मात्र दिसला नाही, तर ‘गोम असेल’ असे म्हणून पुन्हा झोपू नये. पावसाळ्यात घरात शिरणाऱ्या मण्यार सापाचा दंश अनेकदा जवळजवळ वेदनारहित असतो आणि त्याची लक्षणे काही तासांनी दिसू लागतात. घोणीचा दंश झोपलेल्या माणसाला ओरडत उठवतो. वेदना फारशी नाही, हीच गोष्ट अशा वेळी अधिक काळजीची असते. पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे, पोटात कळा येणे यांची वाट न पाहता सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जावे. डोंगराला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये, मग ते येऊर असो, खारघरच्या टेकड्या असोत की बेलापूरची पारसिक टेकडी, तळमजल्यावर जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांनी निदान पावसाळ्यापुरती खाट आणि चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी वापरावी.

दोघेही घरात का येतात, याचे उत्तर एकच आहे: ओल. दोघांच्याही शरीरातील पाणी लवकर उडून जाते. त्यामुळे कोरडी हवा त्यांना मारक असते आणि ते दगडाखाली, पाल्याखाली, कुंडीखाली दडून राहतात. जूनमध्ये त्या जागा पाण्याने भरल्या की ते वर येतात आणि आपल्या मोऱ्या, जिने आणि दाराखालच्या फटी त्यांना सापडतात. येण्याचे निमित्त सारखे असले, तरी टिकून राहण्याचे कारण वेगळे आहे. पैशाला घरात खायला काहीच नसते, तो भरकटत आलेला असतो आणि कोरड्या खोलीत दोन दिवसांत मरून पडतो. गोम मात्र झुरळांसाठी थांबते. ज्या स्वयंपाकघरात सिंकखाली रात्री झुरळांची जत्रा भरते, तिथे गोम पुन्हा पुन्हा दिसणारच, मग उंबऱ्यावर मिठाची कितीही रेघ ओढा. पहिल्याच दमट रात्री ती रेघ पाघळून जाते. मोरीला झाकण असलेली बारीक छिद्रांची जाळी, दाराच्या खालच्या कडेला ब्रशची पट्टी, सिंकखालची गळती बंद आणि झुरळांचा बंदोबस्त, एवढे केले तर औषध फवारण्याची गरज सहसा उरत नाही. बाहेर भिंतीलगत साचलेला पाला उचलला की पैशांची संख्या उतरते. सोसायटीचा खतखड्डा असेल तर गोळा केलेले पैसे तिथेच टाकावेत. पाल्याचे खत करण्यात ते गांडुळांच्या बरोबरीने राबतात. गमबूट आणि दाराबाहेर ठेवलेले बूट पायात घालण्यापूर्वी उलटे करून आपटण्याची सवय मात्र दोघांसाठीही उपयोगी आहे.

कुंड्यांविषयी एक सांगायचे राहिले. पावसाळ्यात जड कुंडी हलवताना बोटे तिच्या बुडाखाली घालू नयेत; आधी काठीने एक बाजू उचलावी. कधी तिथे घोण स्वतःच्याच शरीराचे कडे करून, त्याच्या आत पिवळसर अंड्यांचा किंवा फिकट पिल्लांचा पुंजका धरून बसलेली आढळते. ती कित्येक आठवडे काही न खाता अंडी चाटून स्वच्छ ठेवते, म्हणजे त्यांना बुरशी धरत नाही. फार डिवचले तर तीच ती खाऊन टाकते. आमच्या गच्चीवर तुळशीच्या कुंडीखाली अशी एक दिसली, तेव्हा मी कुंडी होती तशी खाली टेकवली आणि तिच्या बाजूला खडूने एक मोठी फुली काढून ठेवली.