पोलंड, अमेरिका आणि तीन टक्क्यांची अट

११ नोव्हेंबर २०१९ पासून पोलंडच्या नागरिकांना पर्यटनासाठी किंवा कामकाजाच्या छोट्या दौऱ्यासाठी अमेरिकेत जायला व्हिसा लागेनासा झाला. मुक्कामाची मर्यादा ९० दिवस. तारीखही सूचक होती: १९१८ साली याच दिवशी पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला, आणि तिथे हा राष्ट्रीय सण असतो. ‘दोन मित्रराष्ट्रांच्या घट्ट नात्याचे फळ’ अशा शब्दांत दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी निर्णयाचे स्वागत केले. पण मैत्री तर त्याआधी कितीतरी वर्षांपासून होती. मग व्हिसा इतका उशिरा का गेला?

पोलंडने आपली बाजू फार पूर्वीच मोकळी केली होती. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर, १९९१ साली, अमेरिकी नागरिकांसाठी व्हिसाची अट काढून टाकली गेली. अमेरिकेकडून तशी परतफेड व्हायला २८ वर्षे लागली. या काळात अमेरिकी पर्यटक नुसता पासपोर्ट दाखवून क्राकूव फिरून जायचा, आणि क्राकूवच्या माणसाला शिकागोतल्या बहिणीकडे जायचे तर अर्ज, परत न मिळणारे शुल्क आणि वाणिज्य दूतावासातली मुलाखत. शुल्काचा सल तर फारच होता, कारण व्हिसा नाकारला तरी पैसे गेलेच.

शिकागोचा उल्लेख उगाच केलेला नाही. पोलिश वंशाच्या लोकांची अमेरिकेतली सर्वांत मोठी वस्ती त्याच परिसरात आहे. कम्युनिस्ट काळात पासपोर्ट मिळवणे हेच मोठे काम असे. परदेशातून परतल्यावर तो पुन्हा सरकारजमा करावा लागे. तरीही ज्यांना बाहेर पडता आले, त्यांतले बरेच जण पर्यटक म्हणून गेले आणि घरांची साफसफाई किंवा बांधकामावर मजुरी करत राहिले. तिथल्या काही महिन्यांच्या डॉलरवर इकडे घर उभे राहत होते. हे सगळे दूतावासातल्या अधिकाऱ्यांना ठाऊक होते. मुलाखतीच्या खिडकीवरचा संशय तिथून आलेला आहे.

आता अमेरिकी कायद्याकडे वळू. व्हिसामुक्त प्रवासाची योजना १९८६ च्या स्थलांतर कायद्यातून आली, तीही आधी प्रायोगिक म्हणून. १९८८ मध्ये पहिल्यांदा ब्रिटन आणि मग जपान तिच्यात आले. हेतू अगदी व्यवहारी होता: ज्या देशांतले जवळपास सगळे प्रवासी मुदतीत परत जातात, त्यांच्या मुलाखतींत वेळ घालवू नये, पर्यटनाला हातभार लागावा, आणि कर्मचारी दुसरीकडे वापरता यावेत. २००० साली योजना कायम झाली. तिच्या अटींत मैत्रीला स्थान नाही. मुख्य अट अशी की त्या देशातल्या अर्जदारांना पर्यटक व कामकाजाचे व्हिसा नाकारण्याचे वार्षिक प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली हवे. म्हणूनच १९५२ पासून नाटोत असलेला तुर्कस्तान आजही या यादीबाहेर आहे, आणि चिमुकला ब्रुनेई १९९३ पासून आत आहे. यादीतले नाव कायमचे असते असेही नाही. अर्थव्यवस्था कोसळल्यावर अर्जेंटिनाला २००२ मध्ये वगळण्यात आले. आर्थिक संकटात लोक फिरायला म्हणून येतील आणि राहतील, हे त्यामागचे गणित.

या अटीतली खरी गोम नकार कसा ठरतो यात आहे. अमेरिकी कायदा प्रत्येक अर्जदाराला आधी स्थायिक होऊ पाहणारा मानतो. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर. अधिकाऱ्याकडे प्रत्येकासाठी मोजकी मिनिटे. अविवाहित, तरुण, पगार कमी, अमेरिकेत नातेवाईक असलेला माणूस सहज नाकारला जातो. अशा हजारो नकारांची बेरीज होऊन देशाचा आकडा बनतो. म्हणजे मोजला जातो तो अधिकाऱ्यांचा अंदाज. किती जण खरोखर मुदत उलटून राहिले, हे त्या आकड्यात नाही. आणि ज्या सरकारला हा आकडा खाली आणायचा असतो, त्याच्या हातात यातले जवळपास काहीच नसते. टीका करणाऱ्यांनी ही विसंगती वर्षानुवर्षे दाखवली आणि माझ्या मते ती रास्त होती.

पोलंडमध्ये हा विषय पेटला तो इराकमुळे. १९९९ साली नाटोत आलेल्या पोलंडने २००३ च्या आक्रमणात आपले खास कमांडो धाडले, आणि नंतर मध्य-दक्षिण इराकमधल्या बहुराष्ट्रीय तुकडीचे नेतृत्व घेतले. फ्रान्स आणि जर्मनी विरोधात उभे असताना घेतलेली ही भूमिका होती; युरोपात तिची किंमत पोलंडला मोजावी लागली. घरी लोक विचारू लागले की सैनिक चालतात, मग पर्यटक का चालत नाहीत? राष्ट्राध्यक्ष अलेक्सांदर क्वाश्निएव्स्की यांनी २००४ च्या जानेवारीत व्हाइट हाउसमध्ये हा प्रश्न काढला. जॉर्ज बुश यांनी सहानुभूती दाखवली, पण कायदा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा होता. त्या काळात पोलिश अर्जांपैकी सुमारे चौथा हिस्सा नाकारला जात होता.

२००७ मध्ये काँग्रेसने दार थोडे उघडले. सुरक्षेच्या नव्या अटी मान्य करणाऱ्या देशांसाठी नकाराची मर्यादा १० टक्क्यांपर्यंत शिथिल करता येईल, असे ठरले. त्याबरोबर प्रवासापूर्वी ऑनलाइन नोंदणीची ‘एस्टा’ पद्धतही आली. नोव्हेंबर २००८ मध्ये झेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, हंगेरी, तिन्ही बाल्टिक देश आणि दक्षिण कोरिया यादीत आले. (दक्षिण कोरियाचा अमेरिकेशी संरक्षण करार १९५३ चा; तिथेही ५५ वर्षे गेली.) शेजारी आत गेले आणि पोलंड बाहेर राहिला, कारण त्याचा आकडा अजून १४ टक्क्यांच्या आसपास होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पोलंडने आपल्या भूमीवर अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी तळ उभारायला संमती दिली होती. त्याचाही काही उपयोग झाला नाही.

पुढचा भाग तर दैवदुर्विलासच म्हणावा असा. शिथिल मर्यादा वापरण्यासाठी अमेरिकेने स्वतःवर एक अट घातली होती: देश सोडणाऱ्या विमान प्रवाशांची जैवमितीय (बोटांचे ठसे वगैरे) नोंद सुरू करायची. ते काम झाले नाही आणि २००९ च्या जुलैत १० टक्क्यांची सवलत स्थगित झाली. पोलंडचा आकडा १० च्या जरासा खाली आला तो त्याच्या पुढच्या आर्थिक वर्षात. २०१० च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ब्रोनिस्वाव कोमोरोव्स्की वॉशिंग्टनला गेले, तेव्हा बराक ओबामा यांनी आपल्या कारकिर्दीत हा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा व्यक्त केली. कारकीर्द संपली, प्रश्न तसाच. मार्च २०१७ मध्ये युरोपीय संसदेने अमेरिकी प्रवाशांवर व्हिसा लावावा असा बंधनकारक नसलेला ठराव केला, कारण पोलंडसह पाच सदस्य देशांना सवलत नव्हती. युरोपीय आयोगाने तसे पाऊल उचलले नाही.

मग आकडा घसरला कशाने? मुख्यतः युरोपमुळे. मे २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आला आणि ब्रिटन, आयर्लंड व स्वीडनने पोलिश कामगारांना लगेच कामाची मुभा दिली. जर्मनीने २०११ मध्ये. लंडन किंवा डब्लिनला कायदेशीर नोकरी, स्वस्त विमान, वाटेल तेव्हा घरी परत. मग शिकागोत लपून काम कशाला करायचे? शिवाय पोलंडमधले पगारही वाढत गेले. अमेरिकेची ओढ कमी झाली, तेव्हाच अमेरिकेचे दार उघडायची वेळ आली.

२०१८ मध्ये प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास आले आणि शेवटचा टप्पा राजकीय धावपळीचा ठरला. पोलंडमधल्या अमेरिकी राजदूत जॉर्जेट मॉसबॅकर यांनी तो आपला वैयक्तिक विषय केला. ज्यांना व्हिसा सहज मिळू शकतो अशांनी अर्ज करावेत, म्हणजे टक्केवारी खाली येईल, असे आवाहन झाले. व्हिसा जावा म्हणून व्हिसासाठी अर्ज करा, असा हा सगळा प्रकार. गुन्हेगारांच्या माहितीच्या देवाणघेवाणीचा करारही २०१९ मध्ये झाला. ३० सप्टेंबरला अमेरिकी आर्थिक वर्ष संपले, तेव्हा आकडा २.८ टक्क्यांच्या जवळ होता. आठवडाभरात डोनाल्ड ट्रम्प यांनी घोषणा केली आणि पोलंड योजनेतला ३९ वा देश झाला.

प्रत्यक्षात नवी सवलत पोलिश प्रवाशांना जेमतेम चार महिने वापरता आली. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शेंगेन क्षेत्रातून (आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांतून; पोलंड त्यातलाच) येणाऱ्यांना अमेरिकेने बंदी घातली, ती नोव्हेंबर २०२१ पर्यंत टिकली. नंतर क्रोएशिया, इस्रायल आणि कतार यादीत आले. इस्रायलला तर आकड्याबरोबरच पॅलेस्टिनी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना समान वागणूक देण्याची अटही पाळावी लागली.

रोमेनियाची गोष्ट वेगळी. नाटोचा सदस्य, काळ्या समुद्राकाठी अमेरिकी सैनिकांचा तळ, आणि २०२४ च्या आर्थिक वर्षात नकाराचे प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली. जानेवारी २०२५ मध्ये बायडन प्रशासनाने त्याला योजनेत घेतल्याचे जाहीर केले. मार्च अखेरीस प्रवास सुरू व्हायचा होता. त्याच्या काही दिवस आधी नव्या प्रशासनाने तो थांबवला आणि मे महिन्यात निर्णयच मागे घेतला. अट पूर्ण करूनही रोमेनियन प्रवाशाला अजून व्हिसा काढावाच लागतो.