नेट वेगळी, सेट वेगळी: फिजिक्समध्ये एम.एस्सी. करणाऱ्यांसाठी

फिजिक्समध्ये एम.एस्सी.ला प्रवेश घेतला की घरी, गावात, लग्नाच्या मांडवात एकच प्रश्न सुरू होतो: "नेट-सेट झालं का?" नेट आणि सेट या कॉलेजात प्राध्यापक होण्यासाठीच्या दोन पात्रता परीक्षा, पण विचारणाऱ्याच्या लेखी ती एकच परीक्षा असते. वर्गातल्या बऱ्याच मुलामुलींच्या डोक्यातही चित्र फारसं वेगळं नसतं. नेट म्हणजे अवघड सेट आणि सेट म्हणजे सोपी नेट, एवढ्या माहितीवर फॉर्म भरले जातात, क्लास लावले जातात आणि ऐन उमेदीची वर्षं चुकीच्या तयारीत जातात. याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण या दोन परीक्षांतून हाती पडणारी गोष्टच वेगळी आहे.

आधी नेट. आपल्या कामाची नेट म्हणजे सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) यांची संयुक्त परीक्षा. नॅशनल टेस्टिंग एजन्सी, म्हणजे एनटीए, ती वर्षातून दोनदा घेते. तिच्यात पाचच विषय आहेत आणि त्यांतला 'फिजिकल सायन्सेस' हा आपला. इथेच एक जण तरी दरवर्षी फसतो: नुसती 'यूजीसी-नेट' नावाची परीक्षा वेगळी आहे, तिच्यात मराठी, इतिहास, वाणिज्य असे विषय असतात, फिजिक्स नसतं. दोन्ही परीक्षा एनटीएच घेते, त्यामुळे फॉर्म भरताना नाव नीट वाचा.

सेट ही राज्य पातळीवरची परीक्षा. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, साधारण वर्षातून एकदा. सगळे विषय एकाच परीक्षेत असतात, म्हणजे शेजारच्या बाकावर मराठीचा किंवा अर्थशास्त्राचा उमेदवार असू शकतो.

आता मुद्द्याचं. सेट उत्तीर्ण झालात की एकच गोष्ट मिळते: महाराष्ट्र आणि गोव्यातल्या महाविद्यालयांत व विद्यापीठांत सहायक प्राध्यापक पदासाठी अर्ज करण्याची पात्रता. १ जून २००२ च्या आधी सेट झालेल्यांना ही पात्रता देशभर चालते, त्यानंतरच्यांना आपापल्या राज्यापुरतीच. म्हणजे बेळगाव किंवा इंदूरच्या कॉलेजात शिकवायचं असेल तर आपल्या सेटचा तिथे उपयोग नाही. नेटची पात्रता मात्र भारतात कुठेही चालते.

नेटचं दुसरं अंग जास्त महत्त्वाचं, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. नेटचा निकाल एकाच परीक्षेतून वेगवेगळ्या पायऱ्यांवर लागतो. वरच्या गुणांवर जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, आणि तिच्यासोबत प्राध्यापकपदाची पात्रता. त्याखाली नुसती प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी.चा प्रवेश. २०२४ पासून तिसरी पायरीही आहे: फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवरच्यांना प्रवेश देताना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि प्रवेशासाठी हे गुण वर्षभरच चालतात. त्यामुळे कुणी "माझी नेट झाली" म्हणालं तर पेढे वाटण्याआधी विचारा, कुठल्या पायरीवर? तिसऱ्या पायरीवरचा मुलगा नेटच्या जोरावर प्राध्यापकपदासाठी अर्ज करू शकत नाही, आणि हे त्याच्या घरच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं.

जेआरएफ म्हणजे रोख रक्कम. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे सीनियर झाल्यावर ४२,०००, शिवाय घरभाडे भत्ता. लातूर-नांदेडकडून आलेल्या, घरी दोन एकर कोरडवाहू असलेल्या मुलासाठी या पैशाचा अर्थ सरळ आहे: संशोधन करायचं की घराला हातभार लावायचा, यातलं एक निवडावं लागत नाही. सेटमधून एक रुपयाही अधिछात्रवृत्ती मिळत नाही. सेट झालेल्याला पीएच.डी. करायची असेल तर पैशाची सोय वेगळी बघावी लागते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या समाजगटांतल्या पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जागा आणि अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघाव्या लागतात.

मधली काही वर्षं एक वेगळाच घोळ होता. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची केली होती, अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, आणि जुलै २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन नेट, सेट किंवा स्लेट (राज्य पातळीवरच्या परीक्षेचंच आणखी एक नाव) हीच किमान पात्रता ठरली. पीएच.डी. ऐच्छिक झाली. जुने व्हिडिओ पाहून "आता सेटला काही किंमत उरली नाही" म्हणणारे अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका.

प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या की फरक खरा कळतो. अभ्यासक्रम जवळपास तोच: गणिती पद्धती, क्लासिकल मेकॅनिक्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरी, क्वांटम, स्टॅट मेक, इलेक्ट्रॉनिक्स, सॉलिड स्टेट, न्यूक्लिअर. पण सेटच्या दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. नेटमध्ये तीन तासांत जास्तीत जास्त ५५ प्रश्न सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला तीन मिनिटांहून थोडं जास्त. या एका आकड्यात दोन्ही परीक्षांचा स्वभाव आहे.

एक नमुना घेऊ. सेटच्या धाटणीचा प्रश्न: हायड्रोजन अणूत n = ३ या पातळीची डिजनरसी, म्हणजे एकाच ऊर्जेच्या अवस्थांची संख्या, स्पिन धरून किती? n चा वर्ग ९, स्पिनमुळे दुप्पट, उत्तर १८. घाईत 'स्पिन धरून' हे शब्द निसटले तर ९ वर खूण होते. माहिती आणि सावध वाचन, दोन्ही एका मिनिटात.

आता नेटच्या धाटणीचा: एकमितीय बॉक्समध्ये तीन इलेक्ट्रॉन आहेत, त्यांच्यात आपापसात कुठलंही बल नाही. ग्राउंड स्टेटमधून पहिल्या एक्सायटेड स्टेटला जायला किती ऊर्जा लागेल? सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पातळीची ऊर्जा n च्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाउलीच्या नियमानं n = १ मध्ये दोन इलेक्ट्रॉन, n = २ मध्ये एक. n = १ च्या पातळीची ऊर्जा E₁ धरली तर एकूण १ + १ + ४, म्हणजे ६ E₁. पुढची पायरी कोणती? पटकन वाटतं, वरचा इलेक्ट्रॉन n = ३ वर ढकलू: १ + १ + ९, म्हणजे ११ E₁, फरक ५ E₁. हा पर्याय उत्तरांत ठेवलेलाच असतो. पण खालच्या दोघांपैकी एकाला n = २ वर नेलं तर १ + ४ + ४ म्हणजे ९ E₁ होतात. फरक फक्त ३ E₁, आणि तेच बरोबर. इथे सूत्र पाठ असून भागत नाही, 'सगळ्यांत कमी ऊर्जेची पुढची मांडणी कोणती' हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. ही सवय गाइडमधून लागत नाही. कोऱ्या कागदावर गणितं सोडवूनच लागते.

गुणांची रचनाही तयारीची दिशा बदलते. नेटमध्ये पार्ट ए चे १५ प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, पार्ट बी चे २० प्रश्न साडेतीन गुणांचे आणि पार्ट सी चे २० प्रश्न ५ गुणांचे. एकूण २००, त्यातले निम्मे पार्ट सी मध्ये. पार्ट सी मध्ये ३० प्रश्न दिलेले असतात आणि २० निवडायचे. म्हणजे एखाद-दुसरा विषय कच्चा राहिला तरी चालतं, पण जे येतं ते खोलवर यावं लागतं. चुकलं तर त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण वजा. ठोकताळ्यानं सगळं भरून टाकण्यापेक्षा दोन पर्याय नक्की खोडता आले तरच हात घालणं शहाणपणाचं. सेटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे गुण टाकून देणं. शिवाय सेटला सगळेच प्रश्न सोडवायचे असतात, त्यामुळे 'इलेक्ट्रॉनिक्स मी ऑप्शनला टाकलंय' हे गणित तिथे अंगाशी येतं.

सेटचा पहिला पेपर हा फिजिक्सवाल्यांचा खरा खड्डा. ५० प्रश्न, १०० गुण: अध्यापन, संशोधन पद्धती, संप्रेषण, तर्क, माहितीचं विश्लेषण, उच्च शिक्षणाची रचना. नेटच्या पार्ट ए मध्ये आलेख, आकडेमोड, कोडी असतात, ती फिजिक्सच्या मुलांना हसतखेळत जमतात. त्यामुळे ते सेटच्या पहिल्या पेपरलाही तसंच गृहीत धरतात. पण निकाल दोन्ही पेपरांच्या एकत्रित ३०० गुणांवर लागतो, आणि खुल्या गटाला ४० टक्के मिळाले म्हणजे पास असंही नाही. दोन्ही पेपरांना बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरतात. क्वांटममध्ये तरबेज मुलगी शिक्षणपद्धतीच्या दहा प्रश्नांवर मागे राहते, हे बघवत नाही. महिनाभर रोज तासभर पहिल्या पेपरला दिला तरी हे टळतं.

मग आधी कोणती द्यायची? माझं स्पष्ट मत: जेआरएफला वयाची अट आहे, सेटला नाही. ज्याची मुदत संपणार ते आधी. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच दोन्ही परीक्षांना बसता येतं, पदवी ठरावीक मुदतीत पूर्ण करायची असते. अभ्यास एकदाच करा आणि तो नेटच्या खोलीचा करा, सेटची तारीख आली की शेवटचे पाच-सहा आठवडे वेगाचा सराव आणि पहिला पेपर. उलट क्रमानं, म्हणजे आधी सेटच्या वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांवर वर्ष घालवून मग नेटकडे वळणं, मला घातक वाटतं. फिजिक्स त्यानं वरवरचं होतं आणि पुढे वर्गात शिकवताना ते विद्यार्थ्यांना दिसतं.

पण सेट घेऊन आपल्या तालुक्याच्या कॉलेजात शिकवायचं, हे ज्यानं मनापासून ठरवलंय, त्याला कुणी कमी लेखू नये. सासर-माहेर, आईवडिलांचं आजारपण, शेती यांमुळे जिल्हा सोडता येत नाही अशा कितीतरी हुशार मुली एम.एस्सी.च्या वर्गात असतात. त्यांच्यासाठी सेट हीच खरी वाट, आणि तिच्यातून उत्तम शिक्षक घडतात.

दोन गोष्टी या दोन्ही परीक्षांच्या बाहेरच्या. अकरावी-बारावीला, म्हणजे ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर एम.एस्सी.सोबत बी.एड. लागतं, तिथे नेट-सेटची अट नाही. आणि टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था), पुण्यातली खगोलशास्त्राची आयुका अशा संस्थांत संशोधनाला जायचं तर त्यांची स्वतःची निवडप्रक्रिया आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणासाठी गेट ही देशपातळीवरची परीक्षा किंवा त्यांची स्वतःची परीक्षा लागते. नेट सगळीकडची किल्ली नाही.

कागदपत्रांत एक फरक लोकांना निकालानंतर कळतो. सेटला राज्याच्या यादीप्रमाणे जातप्रवर्ग असतात: विजा (विमुक्त जाती), भज (भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग), इमाव (इतर मागासवर्ग, म्हणजे ओबीसी). नेटला केंद्राची यादी चालते, तिथे विजा-भज हे वेगळे प्रवर्ग नाहीत. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का हे आधी बघा, आणि केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र तहसीलमधून वेगळं काढून घ्या. राज्याचं प्रमाणपत्र नेटला जोडलं तर अडचण येते.

आणि शेवटी नोकरी. नेट किंवा सेट हे पात्रतेचं प्रमाणपत्र आहे, नेमणुकीचं पत्र नव्हे. अनुदानित जागेवर पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, पण अशा जागा कमी निघतात. तोवर बहुतेकांची सुरुवात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होते: घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत काही नाही. ही पिळवणूक आहे आणि ती मला मान्य नाही, पण ज्यांना तिथूनच सुरुवात करावी लागते त्यांनी पहिल्याच दिवशी प्राचार्यांना विचारावं, या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता घेणार का. नेमणुकीचं पत्र, मान्यतेचं पत्र आणि अनुभवाचा दाखला वर्षागणिक फाइलला लावत जा. पुढे पूर्णवेळ जागेची मुलाखत होईल तेव्हा टेबलावर हेच कागद मागतात.