ऑफिसच्या टूरला जोडून सुट्टी घेतली तर टीए (प्रवास भत्ता) क्लेम कसा करायचा: पात्रता, मंजुरी आणि लागणारी कागदपत्रं

ऑफिसच्या कामाने दिल्लीला गेलो, शुक्रवारी मीटिंग संपली, शनिवार-रविवार ऋषिकेशला जाऊन रविवारी रात्री परत आलो, तर येतानाचं तिकीट कंपनी देते का? हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. गेली अकरा वर्षं पुण्यात एका खाजगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये ट्रॅव्हल क्लेम तपासायचं काम करतेय, आणि खूप वाईट वाटतं जेव्हा प्रामाणिक माणसाचा क्लेम फक्त एक कागद नाही म्हणून अडकतो. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी मनातली भीती काढा. टूरला जोडून स्वतःचे दोन दिवस घालवणं हा गुन्हा नाही, बहुतेक कंपन्यांच्या ट्रॅव्हल पॉलिसीत याची सोय असते, फक्त ते आधी सांगायचं असतं. लपवलं की मात्र तोच क्लेम संशयाचा होतो, कारण परतीची तारीख तिकिटावर छापलेलीच असते आणि मीटिंग शुक्रवारी संपली हे मॅनेजरला माहीतच असतं.

पात्र कोण, तर ज्याची टूर मुळात कामासाठी आहे तो. आधी काम ठरलं आणि मग त्याला सुट्टी जोडली, हा क्रम कागदावर दिसला पाहिजे. गोव्याला जायचं ठरवलंय आणि तिथल्या एका डीलरला अर्धा तास भेटून येतो म्हणून विमानाचं तिकीट लावलं, हे चालत नाही, आणि चालायलाही नको. प्रोबेशनवरच्या किंवा कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांना काही ठिकाणी ही सोय नसते, एचआरला मेल करून विचारून घ्या, तोंडी नको.

आता मूळ हिशोब, हा कळला की बाकी सगळं सोपं आहे. तुम्ही फिरायला थांबलाच नसता तर कंपनीला किती खर्च आला असता, तेवढंच कंपनी देते, त्याच्या वरचं तुमचं. आणि थांबल्यामुळे खर्च कमी झाला तर प्रत्यक्ष जेवढा झाला तेवढाच मिळतो, वाचलेले पैसे आपल्याला मिळत नाहीत. समजा शुक्रवारी रात्रीचं दिल्ली-पुणे तिकीट ६,२०० रुपये होतं आणि तुम्ही रविवारी डेहराडूनहून पुण्याला ८,९०० ला आलात, तर ६,२०० मिळतील आणि २,७०० तुमचे. तेच रविवारी दिल्लीहूनच ४,८०० ला आलात तर ४,८०० च मिळतील.

पण ते ६,२०० होतं हे सिद्ध कोण करणार? इथेच सगळे फसतात. विमानाचं भाडं रोज बदलतं, महिन्याभराने मागचं भाडं काढून दाखवता येत नाही. त्यामुळे ज्या दिवशी तुमचं खरं तिकीट बुक करताय त्याच दिवशी, त्याच वेळी, काम संपल्यावरच्या सरळ परतीच्या फ्लाइटचा स्क्रीनशॉट काढायचा, त्यात तारीख, फ्लाइट, भाडं सगळं दिसलं पाहिजे, आणि तो लगेच मॅनेजरला मेल करून ठेवायचा म्हणजे मेलची तारीख हाच पुरावा होतो. आमच्याकडे एका मुलाचे परतीचे सगळे पैसे फक्त यासाठी महिनाभर अडकले होते, त्याची काही चूक नव्हती, त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क असेल तर त्यांच्याकडूनच दोन्ही कोटेशन मागवा, ते जास्त भक्कम.

हॉटेलचं. कामाच्या रात्री कंपनीच्या, बाकीच्या तुमच्या. शुक्रवारची रात्र मात्र वादाची. मीटिंग चारला संपली आणि रात्रीची फ्लाइट मिळत होती तर ती रात्र तुमची. मीटिंगच नऊला संपली, त्यानंतर परत यायला काहीच नव्हतं, तर तुम्ही फिरायला थांबला नसतात तरी ती रात्र तिथेच काढावी लागली असती, मग ती कंपनीची, बिनधास्त क्लेम करा पण मीटिंगच्या वेळेचा मेल जोडा. आणि शुक्रवारी एक मीटिंग अन सोमवारी दुसरी, मधले शनिवार-रविवार, हे वेगळं प्रकरण आहे, तिथे तुम्ही कामामुळे अडकलाय, म्हणून साधारणपणे मुक्काम आणि भत्ता दोन्ही मिळतं. त्या रविवारी आग्र्याला जाऊन आलात तर गाडीभाडं तेवढं तुमचं.

हॉटेलवाल्याला चेक-इनच्या वेळीच सांगा की दोन वेगळी बिलं हवीत, कामाच्या दिवसांचं कंपनीच्या नावाने कंपनीच्या जीएसटी नंबरसकट, आणि पुढच्या दिवसांचं फक्त तुमच्या नावाने. एकच चार रात्रींचं बिल आणून त्यावर पेनाने दोन रात्रींवर गोल केला असं बरेच जण करतात. खासगी रात्रीच्या बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर पडला की ते बिल कंपनीच्या जीएसटीआर-२बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरची कंपनीच्या खरेदी बिलांची यादी) येऊन बसतं आणि मग आम्हाला ते शोधून बाजूला काढत बसावं लागतं. लोकांना वाटतं हॉटेलच्या जीएसटीचं क्रेडिट (बिलावर भरलेला कर कंपनीच्या स्वतःच्या करातून वजा करून घेणं) कंपनीला मिळतंच, तसं नाहीये. हॉटेल ज्या राज्यात त्या राज्याचा कर लागतो, त्यामुळे फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला दिल्लीतल्या किंवा गोव्यातल्या हॉटेलच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, विमानाच्या तिकिटाचं मिळू शकतं जर बुकिंग करतानाच कंपनीचा नंबर टाकला असेल तर. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या खोलीवर १८ टक्के, तर कोणी जुना १२ टक्क्यांचा दर लावला असेल तर बिल तिथेच बदलून घ्या.

जोडीदार बरोबर येणार असेल तर त्यांचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर, स्वतःच्या कार्डवर काढा. एकाच पीएनआरवर दोन नावं आली की कंपनीच्या बिलातून निम्मं वजा करणं आलं, त्यात सीट आणि सामानाचे पैसे कोणाचे हा घोळ वेगळा. खोलीचं सिंगल आणि डबलचं भाडं वेगळं असतं, तेव्हा कामाच्या रात्रींसाठी सिंगलचा दर किती हे हॉटेलकडून लिहून घ्या, वरचा फरक तुम्ही भरा. टॅक्सीत दोघं बसलात म्हणून भाडं वाढत नाही, त्याचं कोणी काही म्हणत नाही.

दैनिक भत्ता म्हणजे डीए, तो फक्त कामाच्या आणि प्रवासाच्या दिवसांचा. फिरून रविवारी परत आलात तर रविवारचा भत्ता मागू नका, परतीचा प्रवास तुम्ही तुमच्या सोयीने पुढे ढकललाय. विमानतळ ते घर टॅक्सी मात्र मिळते, ती शुक्रवारी आला असतात तरी लागलीच असती. सोमवारी सुट्टी हवी असेल तर रजा आधी सिस्टिममध्ये टाका, क्लेममधल्या तारखा आणि रजेच्या तारखा आम्ही शेजारी ठेवून बघतो.

आपल्याकडे खरं तर ऋषिकेशपेक्षा गावच जास्त. कोल्हापूरला क्लायंटकडे काम आणि शनिवार-रविवार आईवडिलांकडे, किंवा रत्नागिरीच्या प्लांटला जाऊन येताना गणपतीपुळे. स्वतःची गाडी असेल तर पुणे ते कामाचं ठिकाण आणि परत, एवढ्याच किलोमीटरचे पैसे मिळतात, गावाकडे वळलेले किलोमीटर वजा करायचे, ओडोमीटरचा फोटो निघताना आणि कामाच्या ठिकाणी पोचल्यावर काढा. फास्टॅगचं स्टेटमेंट डाउनलोड करून कामाच्या रस्त्यावरच्या टोलवर खूण करून द्या. आणि काकांकडे किंवा बहिणीकडे राहिलात तर हॉटेलचा क्लेमच नाही, काही कंपन्या नातेवाइकांकडे राहिल्याबद्दल ठरावीक छोटी रक्कम देतात ती पॉलिसीत बघा. कृपा करून ओळखीच्या लॉजवरून बिल आणू नका. हजार-दोन हजारांसाठी खोटं बिल लावून नोकरी गेलेला माणूस मी पाहिलाय, त्याची लहान मुलं होती, ते डोक्यातून जात नाही.

इन्कम टॅक्सचं थोडं, कारण हे फारसं कोणाला माहीत नसतं. टूरवरचा प्रवास खर्च आणि दैनिक भत्ता कामासाठी प्रत्यक्ष खर्च झाला तेवढा करमुक्त आहे, नव्या कर प्रणालीतसुद्धा. पण कंपनीने तुमच्या सुट्टीच्या दिवसांचाही खर्च उदार होऊन दिला तर? १९६२ च्या आयकर नियमांमध्ये नियम ३ चा पोटनियम ७ होता, त्यात हीच परिस्थिती लिहिली होती: कामाचा दौरा पुढे सुट्टी म्हणून वाढवला तर फक्त त्या वाढवलेल्या दिवसांचा खर्च पर्क्विझिट (पगाराव्यतिरिक्त मिळालेली करपात्र सोय) धरायचा, अख्ख्या टूरचा नाही. आणि टूरवर घरच्या माणसाला नेलं आणि त्याचा खर्च कंपनीने केला तर तोही पर्क्विझिट, म्हणजे पगारात मिळून त्यावर टीडीएस कापला जातो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आलाय आणि नियमांचे नंबर बदललेत, तेव्हा चालू नंबर अकाउंट्सकडून घ्या. कंपनीने ज्या तिकिटाचे पैसे दिले तेच तिकीट परत एलटीएला (सुट्टीच्या प्रवासासाठी मिळणारा भत्ता) लावायचं नाही, हेही लक्षात असू द्या.

परदेशची टूर असेल तर पैशांच्या आधी इन्शुरन्स बघा. कंपनीची पॉलिसी बहुतेक वेळा कामाच्या तारखांपुरतीच असते, पुढचे दिवस तुम्ही स्वतः वाढवून घ्यायचे. शेंगेन व्हिसासाठी तर पूर्ण मुक्कामाचं किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, तेव्हा फिरायचे दिवस व्हिसा अर्जातच दाखवा, कंपनीच्या पत्रातही कामाचे दिवस वेगळे आणि सुट्टीचे दिवस स्वखर्चाने असं लिहून घ्या. कंपनीचं फॉरेक्स कार्ड फिरण्यासाठी वापरू नका, कंपनीने कामासाठी दिलेलं परकीय चलन वेगळं आणि तुमच्या खासगी प्रवासाचं वेगळं, हे खासगी चलन एलआरएसच्या (व्यक्तीने परदेशात पैसे नेण्या-पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजलं जातं.

आता अर्ज कसा. टूरची रिक्वेस्ट टाकतानाच रिमार्कमध्ये लिहा, "काम १२ व १३ तारखेला, १४ व १५ वैयक्तिक, वैयक्तिक खर्च माझा, सरळ परतीच्या भाड्याचा स्क्रीनशॉट सोबत." मॅनेजरची मंजुरी मेलवर किंवा सिस्टिममध्ये आली की मगच बुकिंग. परत आल्यावर क्लेमला मंजुरीचा मेल, मीटिंगचं निमंत्रण, तिकिटं आणि बोर्डिंग पास, तो स्क्रीनशॉट, कामाच्या रात्रींचं हॉटेल बिल, टॅक्सीच्या पावत्या, रजेची मंजुरी, आणि ॲडव्हान्स घेतला असेल तर त्याचा हिशोब जोडायचा. खासगी दिवसांची बिलं अजिबात जोडू नका, शून्य रक्कम टाकूनसुद्धा नको, त्याने तपासणारा गोंधळतो. बोर्डिंग पास हरवला तर एअरलाइनकडून प्रवासाचं सर्टिफिकेट मेलवर मागता येतं.

मीटिंग ऐनवेळी रद्द झाली तर कामाच्या तिकिटाचा कॅन्सलेशन चार्ज कंपनी सोसते, तुम्ही पुढचं काही बुक केलं असेल ते नुकसान तुमचं, म्हणून खासगी भाग शक्यतो रिफंड मिळेल असाच बुक करा.

सरकारी नोकरीत असाल तर यात मोकळीक कमी. दौऱ्यात रजा घेतली, किरकोळ असली तरी, त्या दिवसाचा दैनिक भत्ता मिळत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सरकारी खर्चाचं विमान तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढावं लागतं, आणि दौरा संपल्यापासून ६० दिवसांत टीए बिल द्यावं लागतं, तेव्हा रजेवरून आल्यावर बघू म्हणत बसू नका. खाजगीत ही मुदत प्रत्येकाची वेगळी, आमच्याकडे १५ दिवस आहे, आणि ती परत ऑफिसला आल्यापासून नाही तर काम संपल्याच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणजे तुम्ही फिरत असता तेव्हाही दिवस चालू असतात. मोबाईलवरून निदान बिलांचे फोटो तेवढे रोज रात्री ॲपमध्ये टाकत जा, थर्मल पेपरची टॅक्सीची पावती उन्हात आठवड्यात कोरी होते.