अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतली घट: दाव्यात घोळ कुठे होतो

ऊसतोड मजुराचा अपघात झाला, गुडघा कायमचा आखडला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचा ४० टक्के अपंगत्वाचा दाखला हातात पडला, की बीड, धारूरकडे सरळ हिशेब मांडतात: कमाई ४० टक्के बुडाली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात हा हिशेब टिकत नाही.

दाखल्यातला आकडा शरीराचा असतो, कमाईतल्या घटीचा आकडा धंद्याचा. दाखला नीट वाचा: ४० टक्के एका पायाचे की अख्ख्या शरीराचे? पायाचे ४० असले तर पूर्ण शरीराचा आकडा बराच खाली येतो. विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच टाकतो.

कमाईची घट किती, हे डॉक्टर ठरवत नाहीत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते काम न्यायाधिकरणावर टाकलं. माणूस आता काय करू शकतो, काय नाही. आधीचा धंदा कोणता, वय किती. जुनं काम जमेल की हलकं काही करावं लागेल, हे पाहायचं. तोच आखडलेला गुडघा तहसीलच्या कारकुनाला झाला आणि नोकरी-पगार कायम राहिला, तर भावी कमाईची घट जवळपास शून्य. त्याला आयुष्यातल्या गैरसोयीपोटी रक्कम मिळते. उलट २०१८च्या जगदीश विरुद्ध मोहन प्रकरणात दोन्ही हात गेलेल्या सुताराचं अपंगत्व ९० टक्के होतं, पण कमाई पूर्ण बुडाली असं धरलं गेलं.

फरक किती पडतो ते पाहा. वय ३२, महिना १२,००० रुपये. स्वतःच्या हिमतीवर कमावणारा चाळिशीच्या आतला असल्यास भावी वाढीचे ४० टक्के धरून १६,८००, वर्षाचे २,०१,६००. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १६. एकूण ३२,२५,६००. घट २० टक्के मानली तर ६,४५,१२०. ६० टक्के सिद्ध झाली तर १९,३५,३६०. मृत्यूच्या दाव्यात होते तशी स्वतःवरच्या खर्चाची वजावट इथे होत नाही. उपचाराच्या काळात बुडालेली मजुरी वेगळी मागायची. ती यात मिसळली तर दोन्ही आकडे संशयात येतात.

म्हणून डॉक्टरांना साक्षीला बोलवाच. नुसता दाखला जोडून भागत नाही. त्यांना टक्के विचारून थांबू नका: उकिडवं बसता येईल का, मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवरून चढता येईल का, हे विचारा.

मिळकतीचा पुरावा हा ऊसतोडीत सगळ्यात कच्चा दुवा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते कोयत्याला, म्हणजे जोडप्याला. अख्खी रक्कम नवऱ्याच्या नावावर दाखवली की उलटतपासणीत दावा ढिला पडतो. टोळी आणणाऱ्या मुकादमाची नोंद, टनाचा हिशेब आणि हंगामानंतरची शेतमजुरी वेगवेगळी मांडा, वर्षाची बेरीज बाराने भागा आणि त्यातला जखमीचा वाटा सांगा. बायकोचा अर्धा कोयता तिचाच राहतो. अपघात तिला झाला असेल, तर दावाही त्याच हिशेबाने उभा करायचा.